हिरावलं गेलं ते पंचांग

आफ्रिकेविषयी एक विधान इतक्या सर्रास केलं जातं की आता त्याला कुणी हटकतही नाही. युरोपी मिशनरी आले, त्यांच्या मागोमाग साहेब आले, त्यांनी आपले सण आफ्रिकेवर लादले, आफ्रिकी माणसानं ते मुकाट्यानं उचलले आणि त्या भरात तो स्वतःला विसरला. पुराव्यादाखल डिसेंबरातल्या एखाद्या मॉलचं छायाचित्र पुढे केलं जातं. प्लास्टिकचं सूचिपर्णी झाड, त्यावर कापसाचा बर्फ, शेजारी घामाघूम झालेला सांताक्लॉज. मग निष्कर्ष येतो, की नाताळ साजरा करणारा आफ्रिकी माणूस झेंडा बदलला तरी मनानं गुलामच राहिला.

हे म्हणणारे बहुतेकजण आफ्रिकेचे हितचिंतक असतात. वसाहतवादाची त्यांना मनापासून चीड आहे आणि त्या चिडीत मी त्यांच्याबरोबर आहे. पण त्यांचं विधान चुकीचं आहे आणि चुकीचं असण्यापेक्षाही ते अन्यायाचं आहे. ज्यांचं लुटलं गेलं त्यांनाच ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. लूट झाली ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तिच्याविषयी चकार शब्द निघत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घ्यायला हवा.

पहिली चूक नाताळ हा युरोपचा सण धरून चालण्यातच आहे. अक्सुमचा, म्हणजे आजच्या उत्तर इथिओपियाचा, राजा एझाना यानं इसवी सनाच्या चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्या आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि बिंब आहे, नंतरच्या नाण्यांवर क्रूस. रोमहून इंग्लंडला धर्मप्रचारक गेले ते ५९७ साली, म्हणजे एझानानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. लिथुआनियाचा बाप्तिस्मा झाला १३८७ मध्ये. अल्जीरियातलं आजचं अन्नाबा शहर प्राचीन काळी हिप्पो या नावानं ओळखलं जाई. तिथे बिशप असलेल्या ऑगस्टीननं जे लिहून ठेवलं त्यावर युरोपातल्या चर्चचा पिंड शतकानुशतकं पोसला गेला. या धर्माच्या पहिल्या काही शतकांत तरी शिकवणारी आफ्रिका होती आणि शिकणारा युरोप होता.

इथिओपियातल्या नाताळला गेन्ना म्हणतात. तो ७ जानेवारीला येतो, कारण तिथलं पंचांग स्वतःचं आहे. वर्षाला तेरा महिने, नवं वर्ष सप्टेंबरात, आणि सनाचा आकडा युरोपच्या सात-आठ वर्षं मागे. गेन्नाच्या आधी ४३ दिवसांचा उपास. मांस, दूध, लोणी, अंडी, सगळं वर्ज्य. लालिबेलाला अखंड खडकातून कोरून काढलेली चर्च आहेत. तिथे यात्रेकरू पांढरी सुती वस्त्रं पांघरून दूरदूरच्या गावांहून चालत येतात. बेते मरियम या चर्चभोवती खडकात खोल चौक खणलेला आहे. सणाच्या सकाळी धर्मगुरूंची एक रांग वर कड्याच्या काठावर उभी राहते आणि दुसरी खाली चौकात. वरच्यांनी एक चरण म्हणायचा, खालच्यांनी त्याला उत्तर द्यायचं, ढोलाच्या आणि हातातल्या धातूच्या खुळखुळ्यांच्या तालावर सगळ्यांनी मिळून डुलायचं. मग घरोघरी कोंबडीच्या तिखटजाळ रश्श्यानं आणि इंजेरा या भाकरीनं उपास सुटतो. पोरं काठ्या आणि लाकडी चेंडू घेऊन हॉकीसारखा खेळ खेळतात, त्या खेळाचं नावही गेन्नाच. यात युरोपकडून आलेलं काय आहे ते कुणीतरी दाखवून द्यावं.

याच देशात १९८४ मध्ये भीषण दुष्काळ पडला. मदतनिधीसाठी लंडनमध्ये नामवंत गायक एकत्र आले आणि त्यांनी ‘डू दे नो इट्स ख्रिसमस’ हे गाणं काढलं. निधी मोठा जमला आणि त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण आज नाताळ आहे हे त्यांना ठाऊक तरी आहे का, असं ज्यांच्याविषयी विचारलं जात होतं, ते लोक सोळाशे वर्षांपासून ख्रिस्ती होते. शिवाय त्यांचा नाताळ अजून पंधरवड्यावर होता. कीव करणारा आणि टीका करणारा, दोघांचंही गृहीत एकच आहे: नाताळ युरोपचा, आफ्रिकेला तो युरोपनं दिला. युरोपनं असं म्हणावं यात नवल नाही. वसाहतवादाच्या विरोधकांनी तेच गृहीत जसंच्या तसं उचलावं याचं मला दुःख होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की इथिओपिया हा अपवाद आहे. नायजेरिया, घाना, सेनेगल, केनिया, दक्षिण आफ्रिका इथे नाताळ आणि ईस्टर युरोपी जहाजांतूनच उतरले. मान्य. ते बंदुकीच्या पहाऱ्यात उतरले, हेही मान्य. पण सण आला कुठून एवढ्यावरून तो कुणाचा हे ठरत नाही. तसं ठरत असतं तर एम्पायर डेचं काय झालं याचा हिशेब लागत नाही.

२४ मे हा व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश आफ्रिकेतल्या शाळांमधून तो एम्पायर डे म्हणून पाळला जाई. मुलांना मैदानात रांगेनं उभं करायचं, युनियन जॅकला सलामी द्यायला लावायची, राजाचं गीत म्हणवून घ्यायचं, साहेबाचं भाषण ऐकवायचं, मग शर्यती आणि खाऊ. सरकारी पैसा, शाळेची शिस्त आणि मुलांचं कोवळं वय. एखादा सण गळी उतरवायला याहून भक्कम व्यवस्था कुठली असणार? लाखो मुलं त्या रांगांत उभी राहिली. आणि स्वातंत्र्य आलं तसा तो दिवस नाहीसा झाला. त्याच्यासाठी कुणी हळहळलं नाही, कुणी तो घरात चोरून पाळला नाही. आज तो आत्मचरित्रांच्या पानांत तेवढा सापडतो. जे खरोखर लादलेलं होतं ते लोकांनी टाकून दिलं. जे उपयोगाचं वाटलं ते ठेवून आपल्या मापानं बेतून घेतलं. मुकाट्यानं सगळं उचलणारा माणूस या इतिहासात मला कुठे भेटत नाही.

अल्जीरियानं तर याच्याही पुढचं पाऊल टाकलं. ८ मे १९४५ रोजी युरोप विजयाचा सोहळा करत होता. नाझींविरुद्ध अल्जीरियाचेही हजारो सैनिक लढले होते, म्हणून सेतिफ शहरात लोक स्वातंत्र्याची मागणी करत आपला झेंडा घेऊन मिरवणुकीत उतरले. पोलिसांनी झेंडा हिसकायला गोळ्या झाडल्या. चिडलेल्या जमावांनी शंभरेक युरोपियनांचे बळी घेतले आणि त्यानंतर फ्रेंच सैन्यानं आणि बंदुका घेतलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी सेतिफ, गेल्मा, खेराटा या टापूत हजारो माणसं कापून काढली. आज ८ मे हा अल्जीरियाचा राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. पुढे १९५४ मध्ये मुक्तिलढा पुकारायला राष्ट्रीय मुक्ती आघाडीनं दिवस निवडला १ नोव्हेंबर, म्हणजे फ्रेंचांच्या सर्व संतांच्या सणाचा. तो आज अल्जीरियाचा क्रांतिदिन आहे. दोन्ही तारखा फ्रान्सच्या आणि दोन्ही आता अल्जीरियाच्या.

केपटाउनची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगितली पाहिजे. डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६५२ मध्ये तिथे ठाणं वसवलं आणि थोड्याच वर्षांत गुलाम आणायला सुरुवात केली. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटं, आणि आपल्याकडे हे फारसं सांगितलं जात नाही, पण बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरूनही माणसं धरून तिकडे विकली गेली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मालकाच्या घरी मेजवान्या झडत, म्हणजे गुलामांना त्या दिवशी कामाचा रगाडा. त्यांची सुट्टी दुसऱ्या दिवशी, २ जानेवारीला. मालकांचं उरकलं की उरलेला तो दिवस आपला, म्हणून लोक त्याला दुसरं नववर्ष म्हणू लागले. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्यानं संपली, सक्तीच्या उमेदवारीची पुढची चार वर्षं १८३८ मध्ये संपली, पण २ जानेवारी त्यांनी सोडली नाही.

आजही त्या दिवशी काप्से क्लोप्से म्हणवणारी नाचगाण्याची पथकं शहरातून निघतात. प्रत्येक पथकाचे दर वर्षी नवे रंग, साटीनचे झगमगते कोट, रंगवलेले चेहरे, हातात लहानशा छत्र्या. शिंप्यांकडे कितीतरी आठवडे आधीपासून काम चालू असतं. पुढची जागा मिळावी म्हणून बायाबापड्या मुलाबाळांसह रात्रीच रस्त्याच्या कडेला मुक्काम टाकतात. त्याआधी, ३१ डिसेंबरच्या रात्री, बो-काप वस्तीतल्या चढाच्या गल्ल्यांतून मलाय गायकमंडळी हिंडत असतात. हे गायक मुसलमान आहेत. ज्या दारात ते गातात तिथे त्यांच्यासाठी मेज मांडून ठेवलेलं असतं: समोसे, केक, पाकात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले कुसिस्टर. गुमा नावाचा ढोल या सगळ्याला ताल देतो. पूर्वी तो वाइनच्या लाकडी पिंपावर कातडं ताणून करत. मालकाच्या तळघरातलं पिंप गुलामाच्या काखेत येऊन असं वाजू लागलं.

चेहरे रंगवण्याची रीत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून फिरतीवर आलेल्या गोऱ्या नाटकमंडळ्यांकडून आली, आणि त्या मंडळ्या काळ्यांची टर उडवायलाच तोंडाला काळं फासत. यावरून केपटाउनमध्ये आजही वाद होतो, व्हायलाही हवा. पण गुलामांच्या वंशजांच्या त्या समाजावर वर्णद्वेषी राजवटीनं काय आणलं हे आठवा. १९६६ मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स हा त्यांचा मोहल्ला गोऱ्यांसाठी राखीव झाला. साठ हजारांहून अधिक माणसं घरांतून उठवून शहराबाहेरच्या वाळूवर नेऊन टाकली, घरांवर बुलडोझर फिरवले. शहराच्या मध्यभागातून मिरवणूक काढायलाही अडकाठी आली. शेजारपाजार तुटला, मशीद आणि चर्च लांब पडली, पण पथकं मोडली नाहीत. एका टोकाला फेकलेले लोक दुसऱ्या टोकाला फेकलेल्यांना भेटत ते पथकाच्या तालमीला. युरोपी नववर्षाच्या उष्ट्या दिवसानं एक उद्ध्वस्त समाज एकत्र धरून ठेवला. याला ओळख पुसणं म्हणणाऱ्यानं एकदा त्या माणसांच्या तोंडावर ते म्हणून पाहावं.

नायजेरियातल्या इग्बो लोकांचा नाताळ आपल्याला समजायला सोपा आहे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला कोकणात जातो, तसा लागोस, कानो, अबुजातला इग्बो माणूस डिसेंबरात गावी जातो. बस, गाड्या, विमानं भरभरून पूर्वेकडे धावतात. एरवी बंद असलेल्या घरांची कुलपं निघतात. गावाच्या मंडळाची सभा भरते, रस्त्यासाठी आणि शाळेसाठी वर्गणी ठरते, जमिनीचे तंटे वडीलधाऱ्यांपुढे येतात, लग्नं जुळतात. आणि मुखवटे घालून पूर्वजांचे आत्मे रस्त्यावर उतरतात. ज्या मुखवट्यांना मिशनऱ्यांनी सैतानाचं सोंग म्हटलं, तेच मुखवटे आज कित्येक गावांत नाताळच्या सुट्टीत नाचतात, कारण सगळा गाव तेव्हाच जागेवर असतो. घानातल्या क्वाहू डोंगरावरच्या व्यापाऱ्यांनी गावी परतण्यासाठी ईस्टर धरला आहे. अक्क्रातली दुकानं बंद करून ते चार दिवस डोंगरावर जातात.

सेनेगलमध्ये सुमारे ९५ टक्के लोक मुसलमान आहेत. गुड फ्रायडेला तिथल्या ख्रिस्ती घरांत न्गलाख होतं. वाफवलेल्या बाजरीच्या कण्या, भाजलेल्या शेंगदाण्यांचा लगदा, गोरखचिंचेचा भिजवून गाळलेला आंबटसर गर, साखर आणि जायफळ. घरातल्यांपुरतं कुणी करत नाही. बादल्या भरभरून केलं जातं आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी वाडग्यांतून पोचवलं जातं. ते गेलं नाही तर शेजारीच विचारणा करतात. तबास्कीला, म्हणजे बकरी ईदला, उलट दिशेनं मटण येतं. न्गलाखमधला एकही जिन्नस युरोपचा नाही आणि ही देवाणघेवाण तर युरोपनं आजतागायत शिकलेली नाही.

मग वसाहतवादानं काहीच बिघडवलं नाही का? बिघडवलं, आणि इतकं बिघडवलं की नाताळवर तोंडसुख घेण्यात वेळ घालवणं हा त्या नुकसानीचा अपमान आहे.

इग्बो आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिये, आफो, न्क्वो. बाजार कुठल्या गावात कधी भरायचा, लेक माहेरी कधी यायची, कुठल्या दिवशी कुदळ धरायची नाही, हे सगळं त्यावर बांधलेलं होतं. त्यावर सात दिवसांचा आठवडा बसवला गेला, कारण मिशनची शाळा, गोऱ्याची कचेरी आणि कोर्ट त्या आठवड्यावर चालत. चिनुआ अचेबेंची ‘ॲरो ऑफ गॉड’ ही १९६४ ची कादंबरी हे जितकं नेमकं दाखवते तितकं कुठल्याही इतिहासग्रंथानं मला दाखवलेलं नाही. एझेउलू हा उमुआरो गावांचा मुख्य पुजारी. दर अमावस्येनंतर नवी चंद्रकोर दिसली की ती त्यानं जाहीर करायची आणि राखून ठेवलेल्या पवित्र सुरणांतलं एक खायचं. ती संपली की नव्या सुरणाचा सण पुकारायचा, आणि सण झाल्याशिवाय कुणी सुरण उकरायचं नाही. गोरा अधिकारी त्याला सरकारी मुखिया करू पाहतो, तो नकार देतो, म्हणून त्याला परगावी डांबून ठेवतात. तो परततो तेव्हा चंद्र येऊन गेलेले असतात आणि सुरणं तशीच उरलेली असतात. ती संपल्याशिवाय सण पुकारणार नाही, यावर तो अडून बसतो. पीक जमिनीत कुजू लागतं, घरात उपासमार. तेव्हा चर्च निरोप देतं, की सुगीच्या प्रार्थनेला सुरण घेऊन या, तुमच्या देवाच्या कोपापासून आमचा देव तुम्हाला राखील. लोक पोरांच्या हाती सुरण देऊन चर्चकडे पाठवतात.

टीकाकार या कादंबरीतलं शेवटचं दृश्य पाहतात आणि म्हणतात, बघा, ख्रिस्ती सणानं आफ्रिकी सण गिळला. मी त्यांना मधलं पान पाहायला सांगतो. पुजाऱ्याला कुणी डांबलं? चंद्र पाहून तारीख सांगण्याच्या अधिकारावर कुलूप कुणी घातलं? चर्चमध्ये सुरण नेणारा बाप आपली मुलं जगवत होता.

कादंबरीबाहेरही हेच घडलं. केनियातल्या गिकुयू लोकांत सत्ता एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सोपवण्याचा इत्विका नावाचा सोहळा होता. गावोगावी गाणी, नाच, मेजवान्या, आणि नव्या पिढीनं मांडलेले नवे नियम. १९२० च्या दशकात त्याची वेळ आली तेव्हा इंग्रज सरकारनं तो राजद्रोह ठरवून बंद पाडला. जोमो केन्याटांनी १९३८ मध्ये ‘फेसिंग माउंट केनिया’त ही तक्रार नोंदवून ठेवली आहे, कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो यांनीही ती सांगितली आहे. सत्ता ठरावीक काळानं खाली ठेवावी, असं शिकवणारा सोहळा परक्या सरकारला नकोच होता. पुढे स्वतंत्र आफ्रिकेत खुर्चीला चिकटून बसणारे म्हातारे नेते पाहिले की मला तो बंद पडलेला सोहळा आठवतो. झुलू राज्य १८७९ मध्ये हरलं आणि त्यांचा पहिल्या पिकाचा सणही बंदीत गेला. राजानं नवं धान्य चाखल्याशिवाय प्रजेनं खायचं नाही, असा तो सण. राजे गुडविल झ्वेलिथिनी यांनी तो सुमारे शतकभरानं पुन्हा सुरू केला. तरुणांनी त्यात हातांनी बैल मारायचा असतो, म्हणून २००९ मध्ये प्राणिमित्र पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं सण थांबवायला नकार दिला.

या प्रत्येक ठिकाणी नुकसान झालं ते बंदीनं, तुरुंगानं, कचेरीच्या वेळापत्रकानं. दिवस ठरवण्याचा हक्क गेला. कुठला दिवस पवित्र, कुठला कामाचा, कुठला न्यायनिवाड्याचा, हे सांगणारी माणसं निकामी करण्यात आली. पंचांग हिरावलं गेलं म्हणतो ते या अर्थानं. लोकांनी नंतर हाती उरलेल्या दिवसांत आपलं जे जे कोंबता आलं ते कोंबलं, तर त्यासाठी त्यांना शाबासकी द्यायची की दूषणं?

आणि नाताळ काढून टाकला की ओळख परत येते, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हुकूमशहा मोबुतूंचं झाईर आहे. त्यांनी ‘अस्सलपणा’ची मोहीम काढली. १९७१ मध्ये काँगोचं झाईर केलं, १९७२ मध्ये ख्रिस्ती नावांवर बंदी आणली, कोट-टायवर बंदी आणली, १९७४ मध्ये नाताळची सरकारी सुट्टी रद्द केली. शाळांतल्या धर्मशिक्षणाच्या जागी मोबुतूवाद आला. किन्शासाचे कार्डिनल मालुला यांनी विरोध केला म्हणून त्यांना १९७२ मध्ये काही काळ रोममध्ये जाऊन राहावं लागलं. हेच मालुला चर्चची प्रार्थना आफ्रिकी सुरावर, आफ्रिकी नाचावर, पूर्वजांचं स्मरण करून व्हावी म्हणून वर्षानुवर्षं झटत होते. त्या झाईर विधीला व्हॅटिकननं १९८८ मध्ये मान्यता दिली. युरोपी सण हाकलणाऱ्या हुकूमशहाचा आलिशान बंगला फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर होता. नाताळची सुट्टी त्यानं काढून घेतली, पण गावच्या पुजाऱ्याला त्याचं पंचांग काही परत दिलं नाही. पंचांग स्वतःच्या खिशात घातलं. मोझांबिकमध्ये फ्रेलिमो पक्षाच्या राजवटीत २५ डिसेंबरला ‘कुटुंब दिन’ असं सरकारी नाव मिळालं. सुट्टीच्या यादीत ते अजून आहे, आणि ख्रिस्ती घरांतून त्या दिवशी नाताळच होतो.

मॉलमधल्या त्या कापसाच्या बर्फाबद्दल दोन शब्द. तो मलाही आवडत नाही. पण तो दुबईत असतो, सिंगापूरला असतो, पुण्यातही असतो. तो दुकानदारीचा प्रश्न आहे, त्यावरून एका खंडाच्या आत्म्याचा निवाडा करू नये. आफ्रिकी सणांना आज जो खरा धोका आहे तो पाहायचा तर अक्क्रात पाहा. गा लोकांच्या होमोवो या सणाआधी महिनाभर शहरात ढोल आणि गोंगाट बंद ठेवायचा असतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नव्या करिष्माई चर्चनी हे मानायला नकार दिला आणि मारामाऱ्या झाल्या. त्या चर्चचे पाद्री गोरे नव्हते, घानाचेच होते. बेनिनमध्ये १९७० च्या दशकात वोदून या तिथल्या मूळ धर्माच्या पुजाऱ्यांमागे हात धुऊन लागलं ते स्वतंत्र देशाचं मार्क्सवादी सरकार. पूर्वजांचं ते सगळं सैतानी किंवा मागासलेलं, ही मिशनऱ्यांची शिकवण आता देशी तोंडांतून बोलते. भांडायचं तर या शिकवणीशी भांडा. न्गलाखचा वाडगा घेऊन शेजारी निघालेल्या बाईला अडवू नका.

हा वाद आपल्यालाही लांबचा नाही. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला नाताळच्या दिवसांत ‘तुमचं सगळं बाहेरचं’ हे ऐकावं लागतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तरी ते ऐकावं लागतं. आफ्रिकेच्या बाजूनं म्हणून जो युक्तिवाद आपण टाळ्या देऊन स्वीकारतो, तोच इथे कुणाच्या दारात जाऊन उभा राहतो हे मराठी वाचकानं ओळखलं पाहिजे.

ज्याला आफ्रिकी ओळखीची मनापासून काळजी आहे त्यानं मागणी अशी करावी, की जे बंद पाडलं गेलं त्याला दिवस द्या. बेनिननं १९९० च्या दशकात १० जानेवारी हा वोदूनचा दिवस म्हणून राष्ट्रीय सुट्टी केला. ज्या विदा बंदरातून लाखो गुलाम जहाजांत चढवले गेले, तिथे वोदूनच्या निमित्तानं समुद्रकाठी मोठा मेळा भरतो. नाताळची सुट्टी त्यासाठी काढावी लागली नाही. नायजेरियात २० ऑगस्टचा इशेशे दिवस, योरुबांच्या मूळ धर्माचा, २०२३ मध्ये लागोससह काही राज्यांनी सुट्टी देऊन पाळला. एस्वातिनीत राजाच्या इंक्वाला सोहळ्याला राष्ट्रीय सुट्टी असते. आफ्रिका खंडात ५४ देश आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या सुट्ट्यांच्या यादीत ख्रिस्ती सण आहेत, मुसलमानी सण आहेत, आणि तिथल्या मूळ धर्मांचा एकही दिवस अजून नाही.